डावं मडगार्ड

लग्न होऊन मी दौंडहून शिरूरला आले, तेव्हा आमच्या घरात आणि गॅरेजमध्ये फक्त एका गोणपाटाच्या पडद्याचं अंतर होतं. पडद्याच्या अलीकडे चूल, पलीकडे ठोकाठोक. आमचे हे डेंटिंगचं काम करायचे. नगर रस्त्यावर ठोकरलेल्या जीपा, टेम्पो, कारखान्यांतल्या साहेबांच्या गाड्या, ट्रॅक्टरची बॉनेटं असं सगळं आमच्या कडुलिंबाखाली येऊन पडायचं. पहिली काही वर्षं मी पडद्याच्या अलीकडेच होते. मग एका दिवाळीला रंगकाम करणारा माणूस गावी गेला तो परत आलाच नाही, आणि एका जीपचं घासकाम अडून राहिलं.

मी म्हणाले, "मी घासते."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, बादलीत पाणी भरलं आणि पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. तेव्हापासून घासाई माझी झाली. पाणी मारत, पेपर फिरवत, मधूनच तळवा सपाट ठेवून पत्र्यावरून न्यायचा. डोळ्यांना गुळगुळीत दिसतं तिथं हाताला लाट लागते. हे शिकायला मला बराच काळ लागला, पण एकदा हाताला कळायला लागल्यावर मी भाकरीसुद्धा त्याच हातानं थापायला लागले, असं ह्यांचं म्हणणं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं त्या वेळची ही गोष्ट. उसाचा हंगाम जोरात होता. एका सकाळी न्हावऱ्याकडून एक ट्रॅक्टर आला आणि त्याच्या मागं साखळीला बांधलेली एक जुनी गाडी. लांब नाकाची, गोल पाठीची, काळी. तशी गाडी मी लग्नाच्या वरातीत लांबून पाहिली होती, इतक्या जवळून कधीच नाही. ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर एक म्हातारा माणूस उलटा बसून आला होता. तोंड मागं, नजर गाडीवर. डोक्याला पांढरा पटका, खांद्यावर घोंगडी. न्हावऱ्यापासून शिरूरपर्यंत ते तसेच बसून आले असणार, कारण उतरल्यावर त्यांना मान सरळ करता येईना.

हे आबा. न्हावऱ्याजवळ त्यांची वस्ती होती. धनगराचं घर. मुलं आता ऊस आणि कांदा करत होती, गोठ्यात संकरित गायी होत्या, पण आबांचं तरुणपण मेंढरांमागं चालण्यात गेलं होतं. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांचा थोरला मुलगा गाडी घेऊन येत होता. फाट्याजवळ उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती, मागं दिवा नाही, साधं फडकंसुद्धा बांधलेलं नाही. गाडी सरळ तिच्यात घुसली. मुलाच्या कपाळाला टाके पडले, बाकी तो धड होता. गाडीचं मात्र तोंड गेलं होतं. पुढची जाळी आत, बॉनेटची घडी पडलेली, एक दिवा लोंबत असलेला, आणि डावं मडगार्ड एखाद्यानं कागद चुरगळावा तसं चुरगळून चाकात रुतलेलं.

शेजारचा स्पेअर पार्टवाला येऊन बघून गेला. "आबा, हिचा एक खिळासुद्धा मिळायचा नाही आता. मोडीत द्या."

आबा त्याच्यावर चिडले नाहीत. "म्हातारं जनावर पडलं म्हून कुनी खड्ड्यात ढकलतं का?" एवढंच म्हणाले. मग ह्यांच्याकडे वळले. "तुमी सांगा मिस्तरी. व्हईल का?"

हे गाडीभोवती फिरले. वाकून खाली बघितलं, उताणे झोपून आत गेले, बाहेर आले. "पुढचं सगळं उघडतो. मग सांगतो," म्हणाले.

मला ते उत्तर आवडलं, पण मनातून वाटलं, ह्या वेळी काही खरं नाही.

आबा त्या दिवसापासून रोज यायला लागले. सकाळच्या एसटीनं यायचे, कडुलिंबाखाली घोंगडी अंथरून बसायचे, दुपारी फडक्यातली भाकरी सोडायचे. मी चहा नेऊन दिला की म्हणायचे, "सूनबाई, एवढ्यासाठी चूल पेटवू नगंस." तिथं बसल्या बसल्या त्यांनी गाडीची हकिगत सांगितली. दौंडच्या बाजूला एक निवृत्त साहेब राहायचा. त्याची मोठी बागायत होती. आबा दर वर्षी त्याच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायचे. साहेब एकटाच असायचा. संध्याकाळी वाघरीपाशी येऊन बसायचा. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. मराठी तोडकंमोडकं बोलायचा. म्हातारपणी तो सगळं विकून आपल्या माणसांकडे निघाला, तेव्हा गाडीला गिऱ्हाईक मिळेना. आबांनी विचारलं, मेंढरं घेता का? साहेबाला मेंढरांचं काय करायचं होतं देव जाणे. पण त्यानं ती घेतली, शेत घेणाऱ्याला देऊन टाकली आणि किल्ली आबांच्या हातात ठेवली.

"तुम्हाला चालवता येत होती?" मी विचारलं.

"आजून येत न्हाई," आबा म्हणाले. "बैल लावून घरी नेली. म्हातारी म्हनली, मेंढरं इकून ह्यो लोखंडाचा रेडा कशाला आनला? आन् मग सगळ्यात आधी तीच आत जाऊन बसली."

तेव्हापासून वस्तीवरची प्रत्येक लेक त्याच गाडीतून सासरी गेली होती.

पहिलं काम चेसिसचं होतं. पुढचं सगळं उघडल्यावर दिसलं, की गाडीच्या सांगाड्याची पुढची दोन टोकं, बैलाच्या शिंगांसारखी असतात ती, डावीकडे वळली होती. हे म्हणाले, हाड सरळ झाल्याशिवाय कातड्याला हात लावून उपयोग नाही. आमच्या अंगणात एक जुना रूळ जमिनीत खोल गाडलेला होता. गाडीचं मागचं अंग कडुलिंबाच्या बुंध्याला बांधलं, वाकलेल्या टोकाला साखळी घातली, साखळी चेनकुप्पीला, म्हणजे जड वजन ओढायच्या साखळीच्या कप्पीला, आणि चेनकुप्पी रुळाला. हे एकेक कडी ओढायचे आणि थांबायचे. पुन्हा एक कडी, पुन्हा थांबायचे. मी सुतळी घेऊन तिरपी मापं धरत होते. उजव्या कोपऱ्यापासून डाव्यापर्यंत, मग उलट. दोन्ही मापं सारखी आली की सांगाडा चौरस.

लोखंड ताणलं जातं तेव्हा ते बोलतं. आधी बारीक करकर, मग एकदम खोलातून आल्यासारखा हुंकार. तो हुंकार आला आणि आबा उठून उभे राहिले. ह्यांनी गॅसची ज्योत वाकलेल्या जागी धरली. लोखंड तांबूस व्हायला लागलं. मग काहीही न ओढता, कुणीही हात न लावता, ते टोक सावकाश आपल्या जागेकडे सरकलं. मी बघत होते. झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तसं ते सरकलं.

"बगितलंस?" आबा हळूच म्हणाले. "तिला ठावं हाय, कुठं जायचं ते."

त्यानंतर दोन दिवस हे फारसं कुणाशी बोलले नाहीत. चांगलं काम झालं की ते असेच गप्प होतात.

मग डाव्या मडगार्डाची पाळी आली. ते काढून बाभळीच्या ओंडक्यावर ठेवलं होतं. दाराचा एक कोपरा मी तोवर घासायला घेतला होता. काळ्या रंगाखाली मला हिरवा लागला. बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा. मी मनात म्हटलं, बघा, बाई आधी हिरवी होती. कुणाला सांगावं असं त्यात काही वाटलं नाही. पुन्हा पेपर पाण्यात बुडवला.

तेवढ्यात ह्यांनी मला हाक मारली. रंग जाळायला त्यांनी मडगार्डाच्या गोलाईवर ज्योत धरली होती. रंग फुगून निघाला, आणि त्याखालून पत्र्याला पाझर फुटावा तसे चकचकीत थेंब बाहेर आले. रुपेरी. एकामागून एक ते उतारावरून ओघळले आणि मातीत टपकले. ह्यांनी ज्योत झटकन बाजूला केली.

"पत्रा वितळतोय?" मी घाबरून विचारलं.

"पत्रा नाही. शिसं आहे." त्यांनी एक थेंब चिमट्यानं उचलला. "इथं कुणीतरी आधी काम केलंय. आणि लांबी भरली नाही, शिसं भरलंय."

आमच्याकडे खड्डा राहिला की लांबी भरायची. पिठासारखी मळायची, लावायची, वाळली की घासायची. सगळ्या गॅरेजमध्ये हेच चालायचं. शिशाचं काम ह्यांनी फक्त ऐकलं होतं. त्यांनी मडगार्ड उलटं केलं. आतल्या बाजूला वर्षानुवर्षांचं डांबर आणि चिखल होता. तो खरवडला, रॉकेलनं पुसला, आणि आम्ही दोघं बघतच राहिलो.

आतल्या पत्र्यावर हातोडीच्या खुणा होत्या. माशाच्या अंगावरच्या खवल्यांसारख्या, एकीवर एक चढत गेलेल्या, सगळ्या एका मापाच्या, सगळ्या एका बाजूला कललेल्या. जिथं गोलाई वळत होती तिथं त्या खुणासुद्धा वळल्या होत्या. पूर्वी कधीतरी हे मडगार्ड असंच चुरगळलं होतं आणि कुणीतरी ते पुन्हा जन्माला घातलं होतं. वरून ते कुणालाही कळलं नव्हतं. आबांना विचारलं तर म्हणाले, "मी घेतल्यापासून ओरखडा न्हाई. त्याच्या आदलं मला ठावं न्हाई."

ह्यांनी बराच वेळ त्या खुणांवर बोट फिरवलं. "ह्याच्यावर मी लांबी लावू?" ते म्हणाले. "माझा हात उचलणार नाही."

मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते रेल्वेत होते आणि लहानपणापासून मी त्यांच्याकडून बॉयलर शॉपच्या गोष्टी ऐकल्या होत्या. दौंडच्या लोको शेडमध्ये वाफेची इंजिनं होती तेव्हा तिथं लोखंड, तांबं, शिसं सगळं हातानं घडवणारी माणसं होती. इंजिनं गेली, माणसं निवृत्त झाली. त्यांतले एक चाचा आमच्या माहेरच्या गल्लीत राहायचे. "ते असतील तर त्यांना येईल," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं दौंडला गेलो. चाचा दाराबाहेर बाजेवर बसले होते. मी लहानपणी पाहिलं होतं त्याच्या निम्मे झाले होते, हात मात्र तेवढेच. बॉयलरच्या पोटात बसून ठोकाठोक केलेल्या माणसांचे कान जातात, तसे त्यांचे गेले होते. मी कानाशी जाऊन ओरडले, हात करून सांगितलं, पण त्यांना काही लागेना. शेवटी ह्यांनी खिशातून तो गोठलेला रुपेरी थेंब काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

चाचांनी तो नखानं दाबला. दाताखाली धरला. मग आत जाऊन ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि ते एक जड पिशवी घेऊन बाहेर आले. पायात चपला घातल्या. "चलो," म्हणाले.

कुठं, कशाला, किती दिवस, काही विचारलं नाही. त्यांच्या सुनेनं मागून धावत येऊन कपडे दिले.

शिरूरला पोचलो तेव्हा ऊन बरंच उतरलं होतं. आबा एसटीची वेळ झाली तरी थांबले होते. चाचांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. सरळ मडगार्डापाशी गेले, ते ओंडक्यावर उभं केलं आणि आत डोकं घातलं. आत अंधार होता. मी घरातला आरसा आणला आणि उतरत्या उन्हाचा कवडसा आत सोडला. चाचांनी बोटानं खूण करून मला तो डावीकडे, खाली, आणखी खाली घ्यायला लावला. मग त्यांचं बोट थांबलं.

त्यांनी हातोडी घेतल्यासारखा उजवा हात वर केला आणि हवेतच त्या खुणांवर धरून पाहिला. जुळेना. मग डावा हात वर केला. डाव्या हाताचा झोका त्या कललेल्या खुणांवर बरोबर बसला.

चाचा खाली बसले.

"डावखुरा हाय हा माणूस," ते म्हणाले. बहिऱ्या माणसासारखे ते नेहमी मोठ्यानं बोलायचे, पण हे अगदी हळू बोलले. "उस्ताद. आमचे उस्ताद डावखुरे होते. शेडमध्ये दुसरा डावखुरा कोणी नव्हता."

आबा पुढे सरकले. "मिस्तरी, खात्रीनं सांगताय?"

चाचांना ते ऐकू गेलं नव्हतं. ते आपल्याच नादात होते. "मी तवा नवा लागलो होतो. एका साहेबानं रेल्वेच्या फाटकावर गाडी घातली होती. शेडच्या मागच्या दारानं आणली. ड्यूटी संपली की उस्ताद तिच्या कामाला बसायचे. कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. आम्ही लांबून बघायचो." त्यांनी आमच्या काळ्या गाडीकडे मान वळवून पाहिलं आणि ती नकारार्थी हलवली. "पण ती गाडी ही नसेल. ती काळी नव्हती."

मी आरसा खाली ठेवला आणि चाचांच्या कानाशी गेले. गाडीच्या काळ्या रंगाकडे बोट करून, जेवढ्या मोठ्यानं ओरडता येईल तेवढ्या मोठ्यानं विचारलं, "चाचा, रंग कुठला होता?"

"हरा," चाचा म्हणाले. "बोतल जैसा."

मी त्यांचा हात धरून त्यांना दारापाशी नेलं. मी घासत आणलेला कोपरा ओला केला. काळ्याच्या कडेला तो हिरवा ठळक उमटला. ह्यांनी पाहिला, आबांनी पाहिला. चाचांनी हिरव्यावर अंगठा ठेवला. मग मडगार्डापाशी परत आले, आत हात घालून त्या खुणांवर पंजा पसरला आणि डोळे मिटून तसेच बसले. ज्या माणसाला जाऊन किती तरी वर्षं झाली, त्याचा हात तिथं, आमच्या अंगणात, त्या पत्र्यात होता, आणि त्याच्या चेल्याचा हात त्याच्यावर टेकला होता.

आबांनी त्या दिवशीची शेवटची एसटी सोडून दिली. जेवायला आमच्याकडेच राहिले.

पुढचं काम चाचा आणि हे असं दोघांनी मिळून केलं. चाचांचं बोलणं कमी. त्यांना हातोडीचा आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून ते मडगार्डावर एक तळवा टेकवून ठेवायचे आणि ह्यांना ठोकायला लावायचे. ठोका चुकीचा पडला की तळवा उचलायचे. बरोबर पडला की तळवा तिथंच. बाभळीच्या ओंडक्याला खळगा केला होता, त्यात पत्रा ठेवून लाकडी मोगरीनं हलके हलके उतरवत न्यायचा. जिथं पत्रा फाटला होता तिथं नवा तुकडा घडवून जोडला. जिथं तो ताणून ढिला झाला होता, तिथं नाण्याएवढी जागा लाल करायची आणि लगेच ओल्या फडक्यानं दाबायची. चर्र आवाज यायचा, वाफ निघायची, आणि ढिला पत्रा आपोआप आवळून घ्यायचा. हे मी आधीही पाहिलं होतं, पण चाचा एका जागेवरून दुसरीकडे असे जायचे, की पत्र्याची गोलाई माझ्या डोळ्यांसमोर भरत जायची. गर्भारशीचं पोट भरत जातं तशी.

जुन्या खुणा जेवढ्या वाचवता येतील तेवढ्या त्यांनी वाचवल्या. तिथं हातोडी लावू दिली नाही.

शिसं भरायच्या दिवशी चाचांनी आबांना विचारलं, "चरबी मिळेल? मेंढीची?"

"न मिळाया काय झालं?" आबा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी डबा भरून घेऊन आले. लाकडाच्या एका चपट्या फळीला ती चरबी चोपडायची, म्हणजे शिसं तिला चिकटत नाही. आधी नवसागर आणि कापसानं पत्र्याला कल्हई केली. कल्हईवाला पातेल्याला करतो तशीच. पत्रा आरशासारखा झाला. मग चाचांनी पिशवीतून शिशाची कांडी काढली. शेडमधून निवृत्त होताना आणलेल्या कांड्या, एवढी वर्षं ट्रंकेत होत्या.

ज्योत लांब धरून त्यांनी कांडीचं टोक मऊ केलं आणि पत्र्यावर टेकवलं. शिसं वितळून खाली येईल म्हणून मी फडकं घेऊन उभी होते. ते आलं नाही. ते ना पातळ होतं ना घट्ट. थंडीतल्या लोण्यासारखं ते पत्र्याच्या उभ्या अंगाला धरून राहिलं आणि चाचांची फळी त्याला पुढे, वर, वळणावरून ओढत गेली. ज्योत जरा जवळ आली असती तर सगळं जमिनीवर आलं असतं. जरा लांब गेली असती तर गोठलं असतं. चाचांचा एक हात ज्योत नाचवत होता, दुसरा फळी, आणि दोन्ही हातांना एकमेकांचं ठाऊक होतं. चरबीचा जळका वास सगळ्या अंगणात भरला. रस्त्यावरची माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली. एक ट्रकवाला इंजिन चालू ठेवून उतरला होता. तोही पुढं जाईना.

अर्धं झाल्यावर चाचांनी फळी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी लावलेला शिशाचा पहिला गोळा खाली पडला. दुसराही. चाचांनी ह्यांच्या मनगटाला धरलं आणि हात हातात घेऊन तिसरा लावला. तो राहिला. चौथा ह्यांनी एकट्यानं लावला, आणि तोही राहिला. हे माझ्याकडे वळून इतके हसले, की तसं हसू मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी चाचांनी सगळ्यांना हात धुवायला लावले आणि गूळ मागितला. शेडमध्ये शिशाचं काम झालं की सगळे गूळ खायचे म्हणे. आम्ही चौघांनी ओट्यावर बसून गूळ खाल्ला.

मग माझं काम आलं. कानशीनं शिसं उतरवून झालं होतं, आता बारीक घासाई. मी पाणी मारलं, तळवा ठेवला, डोळे मिटले आणि मडगार्डाच्या पुढच्या टोकापासून मागं नेला. कुठं माझा हात अडेल, कुठं लाट लागेल म्हणून मी वाट बघत होते. हात जात राहिला. जुना पत्रा कुठं संपला, नवा कुठं लागला, शिसं कुठून कुठवर आहे, काही कळलं नाही. मी परत पहिल्यापासून नेला. आबांनी माझं बघून आपला हात ठेवला. मेंढीच्या पाठीवरून हात फिरवून ती पोसली आहे की नाही ते ओळखणारा हात तो. शेवटपर्यंत नेला आणि म्हणाले, "आरं तिच्या!" बस्स, तेवढंच.

रंगाच्या वेळी ह्यांनी आबांना विचारलं, "हिरवा देऊ का? मुळातला?"

आबांनी विचार केला. "हिरवी साहेबाची व्हती. माज्या दारात आली ती काळीच, काळी माजी हाय. काळीच ऱ्हाऊ द्या."

अंगणात पाणी मारून धूळ बसवली, सगळ्यांना लांब उभं केलं, आणि ह्यांनी पातळ पातळ हात देत काळा रंग मारला. वाळून पॉलिश झाल्यावर डाव्या मडगार्डात कडुलिंबाचं झाड दिसायला लागलं. बुंधा, फांद्या, पानं, आणि त्यातून चालत जाणारी मी. झाड कुठंही मोडलेलं नव्हतं.

गाडी न्यायला आबांचा थोरला मुलगा आला, आणि त्याच्याबरोबर आबांची म्हातारी. तिनं आधी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग मागच्या सीटवर जाऊन बसली आणि मला म्हणाली, "ये गं, माज्याशेजारी." चाचांना एसटीनं पाठवायचं नाही असं आबांनी ठरवलं होतं. चाचा पुढे बसले, मुलगा चालवायला, आबा, म्हातारी आणि मी मागं. हे दाराला खेटून. शिरूर ते दौंड, न्हावऱ्यावरून. उसाच्या ट्रॉल्या बाजूनं जात होत्या. माणसं थांबून बघत होती. आबा कुणाला हात करत नव्हते. गुडघ्यांवर हात ठेवून सरळ बसले होते.

दौंडात शिरल्यावर चाचांनी घराकडे वळू दिलं नाही. शेडकडे न्या म्हणाले. फाटक बंद होतं, आत गवत वाढलं होतं. ते उतरले. इंजिन चालूच होतं. त्यांनी मडगार्डावर तळवा टेकवला, गाडीची धडधड हातात घेत थोडा वेळ उभे राहिले आणि मग फाटकाकडे बघून सलाम केला. मुलानं मला विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हणाले, "काही नाही. उस्तादांना सांगतायत."

त्यांना घरी सोडून परत येताना आबांनी आम्हाला वस्तीवर जेवायला थांबवलं. बाजरीची भाकरी, मटणाचा रस्सा, कांदा. जेवून झाल्यावर आम्ही फाट्यावर येऊन शिरूरच्या एसटीची वाट बघत बसलो. हे आपल्या तळहातांकडे बघत होते. मला वाटलं, दमले. मग म्हणाले, "तुला खरं सांगू? मला वाटत होतं, मला हे काम येतं." आणि ते खुशीत होते. इतके खुशीत, की एसटी आली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही, मलाच त्यांना हाताला धरून उठवावं लागलं. खिडकीपाशी बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. त्यांच्या हातांना अजून चरबीचा वास येत होता.